डायरेक्ट न करणारे मिस्त्री

स्विच घट्ट झाला म्हणून त्यात खोबरेल तेल घालू नये, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. घरातली दारं, शिलाई मशीन, सासऱ्यांचा अडकित्ता, सगळं मी याच तेलानं वठणीवर आणलं होतं. म्हणून गाडीच्या दिव्यांच्या स्विचमध्येही थोडं सोडलं. स्विच मऊ झाला. दिवे मात्र गेले.

मिस्त्रींनी डॅशबोर्डमध्ये नाक घातलं, वास घेतला आणि डोकं बाहेर न काढताच विचारलं, "हितनं कुणाचा हात फिरलाय?"

"काय की," मी म्हणालो.

"मग गाडीनंच डोस्क्याला तेल लावलं व्हय?"

'कुणाचा हात फिरलाय?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कुठलीही गाडी उघडली की पहिला तोच, आणि तोही अशा आवाजात, की मालक सोडाच, शेजारच्या चहावाल्यानंही मान खाली घालावी. तुमच्याही पेठेत असा एखादा असेल, ज्याच्याकडे काम घेऊन जाण्याआधी आपण घरी तालीम करतो. आमचे मिस्त्री पूर्वी यंत्रमागाच्या कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करायचे. कारखाना बंद पडला तेव्हा लिंबाखाली पत्र्याचं शेड टाकून गाड्यांची वायरिंग करू लागले. घरी तेलुगू बोलायचे, पण रागवायला त्यांना मराठीच लागायची. त्यामुळे त्यांचं तेलुगू आम्ही फारसं ऐकलंच नाही.

गाडी माझी नव्हे, मेहुण्याची. पुण्यात ठेवायला जागा नाही म्हणून त्यानं ती ताईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दारात आणून उभी केली. दोन दारांची, जमिनीला टेकलेली जुनी स्पोर्ट्‌स कार. दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असायचे. स्विच दाबला की पापणी उघडावी तसे वर यायचे. आमच्याकडे आल्यापासून एकच वर यायचा. त्यामुळे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला डोळा मारत गाडी बाजारातून जायची, आणि आत माझ्यासारखा टकला माणूस. बायको एकदाच शेजारी बसली. परतताना तिनं रिक्षा केली.

स्विच उघडण्याआधी मिस्त्री सीटवर एक जुनं पांढरं धोतर अंथरायचे. आतली स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी, उडाली की संपलं. धोतर अंथरलं की कुणी शिंकायचं नाही, असा नियम होता. एकदा मी शिंकलो. त्यांनी मला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. "तितंच थांबा सायब. खोकला आला तर अजून मागं सरा."

त्यांचं सगळंच बरोबर यायचं, असं नाही हं. खिडक्यांच्या काचांचे स्विच त्यांनी दुरुस्त करून दिले, तेव्हा वर दाबलं की काच खाली जायला लागली. "उलटं झालंय," मी भीत भीत म्हणालो. "सवय हुईल की," म्हणाले, आणि वर माझ्यावरच रागावले.

पण एक गोष्ट ते कधीच करत नसत. डायरेक्ट. स्विच दुरुस्त होत नसला की आपल्याकडे हा सोपा उपाय असतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत सरळ वायर ओढायची, मध्ये फ्यूजबिज काही नाही, डॅशबोर्डखाली एक स्वस्तातलं बटण लपवायचं. काम झालं. कुणी 'डायरेक्ट' म्हटलं की मिस्त्री हातातली पक्कड खाली ठेवायचे. पक्कड खाली ठेवली की आपण निघायचं, हे पेठेला माहीत होतं. मेहुण्याला नव्हतं.

त्याला माळशिरसचं गिऱ्हाईक मिळालं होतं. रविवारी ते गाडी न्यायला येणार, म्हणून तो पुण्याहून आला. दिव्यांच्या स्विचमधली तांब्याची पत्ती पार जळली होती आणि मिस्त्री हातानं नवी घडवत होते. "टाइम लागंल," ते म्हणाले.

"टाइम कशाला? डायरेक्ट करा की. दिवे लागल्याशी मतलब."

पक्कड खाली.

"घेणाऱ्याला सांगनार का, डायरेक्ट हाय म्हणून?"

मेहुणा हसला. "सांगितलं तर घेईल का तो?"

"वायर तापती, रबर वितळतं. उद्या बार्शी रोडला गाडी पेटली, तर कुणाला शोधत येनार? तुमाला न्हाय, मला न्हाय. कुणालाच न्हाय! म्हणून तर करत्यात सगळे! न्या ही गाडी हितनं."

मेहुण्यानं ती नेली आणि दुसरीकडून डायरेक्ट करून आणली. "अरे, हे बरं नाही," मी म्हणालो.

"दाजी, स्विचला तेल पाजणाऱ्यांनी बोलू नये."

मी बादली घेऊन गाडी धुवायला गेलो.

रविवारी माळशिरसचा माणूस बायकोला आणि लहान मुलीला घेऊन आला. पोरगी आत बसून स्टिअरिंग फिरवू लागली. मेहुण्यानं दिवे लावून ठेवले होते; दोन्ही डोळे टक्क उघडे. बॉनेटवर हार, माझ्या हातात नारळ. तेवढ्यात मिस्त्री सायकलवरून आले. बोलावलं कुणी नव्हतं. खिशातून कागदाची पुडी काढून मला म्हणाले, "झाली पत्ती. बशीवतो." मग त्यांना दिवे दिसले.

ते मेहुण्याशी बोललेच नाहीत. दार उघडलं, डॅशबोर्डखाली वाकून ती सरळ ओढलेली वायर दाखवली आणि माळशिरसवाल्याला म्हणाले, "हितं हात ठिवा."

त्यानं ठेवला आणि झटकन काढला.

"आत्ता नुसती उभी हाय, तर एवढी तापली. ह्यात पोरगी बसवनार तुमी?"

त्या माणसानं आधी पोरीला उचलून बाहेर घेतलं. "कळवतो," एवढंच म्हणाला आणि तिघं निघून गेले.

मेहुण्यानं मिस्त्रींची कॉलर धरली. "तुझ्या बापाची गाडी आहे का रे?" एका धक्क्यात ते सायकलीवर पडले. पुडी सुटून पत्ती धुळीत गेली. गल्ली गच्चीवरून बघत होती. मी नारळ टाकून त्यांना उठवायला गेलो, तर खेकसले, "मला काय धरताय? पत्ती बघा!" आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून शोधली. सापडली नाही.

मेहुणा तेवढ्यावर थांबला नाही. जुन्या गाड्यांच्या एजंटांना त्यानं सांगितलं, हा माणूस सौदे मोडतो. मिस्त्रींकडे बॅटरीची, हॉर्नची कामं या एजंटांकडूनच यायची. ती थांबली. पावसाळा संपेपर्यंत शेड बंद झालं. मिस्त्री मुलीकडे हैदराबादला गेले, असं चहावाला सांगतो. लिंबाखाली आता कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकतं.

"मिस्त्रीनं तोंड आवरायला हवं होतं," असं परवा एक शेजारी म्हणाले. माझं डोकंच फिरलं. तोंड आवरणारे आपण सगळे होतोच की, तुम्ही गच्चीवर आणि मी खाली नारळ घेऊन!

गेल्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. नवं गिऱ्हाईक मिळालंय म्हणे. "दाजी, गाडी तेवढी धुऊन ठेवा." बायको भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं माझ्याकडून फोन ओढून घेतला.

"ती वायर काढलीस का रे?"

"ताई, आता कुठं परत ते..."

"मग असं कर. तुझ्या लेकीला शेजारी बसव, दिवे लाव आणि रात्रीचा अक्कलकोटला जाऊन ये. दोघं परत आलात, की मग विक."