आधी तुझं नाक

आमच्या आसेगावात माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू जांभळाचा सिरका करतात. रस बरणीत भरून वर फडकं बांधतात आणि रोज सकाळी बरणीला कान लावतात. बुडबुड ऐकू आली की म्हणतात, "अजून बोलून राह्यला. लसूण टाकाची घाई नको." बरणी गप्प झाली आणि थेंब जिभेला झोंबला, की मगच लसूण-मिरची आत पडते.

गाळलेली पहिली बाटली त्या माझ्याच नाकाखाली धरतात. "पाह्य बरं, कसा वास आला?" मी "मस्त" म्हटल्याशिवाय बूच लागत नाही. मला वाटायचं, हा माझा मान.

परवा ठेच्यात टाकायला सिरका मागायला गेले, तर दारातच गॅसचा उग्र वास आला. आत काकू शेगडीसमोर काडी ओढायच्या बेतात होत्या. मी किंचाळत धावले, काडेपेटी हिसकावली, अर्धवट उघडं राहिलेलं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"काहून वरडून राह्यली वं?"

"काकू, गॅस! एवढा वास येऊन राह्यला, तुमाले समजला नाही?"

"मले कायचा वास? त्या मोठ्या तापापासून नाकाले काहीच येत नाही."

काकूंनी फळीवरची बाटली काढली, बूच उघडलं आणि माझ्या नाकाखाली धरली. "आलीच आहे तं सांग, लसूण उतरला काय?"

माझ्या नाकात अजून गॅसच भरला होता.

"मस्त," मी म्हटलं. काकूंनी बूच लावलं.