अळणी वरण

अमरावतीत आमच्या घरी महापालिकेला शिव्या घालायला कधी मुहूर्त लागला नाही. कचरागाडी उशिरा आली, गल्लीतला दिवा गेला, की मी सुरू. त्यामुळे पुढचं सांगताना जीभ जरा अडखळते. पण करोनाच्या काळात त्याच महापालिकेने माझ्या आईची खानावळ वाचवली, आणि मला या महापालिकेचा अभिमान वाटतो.

खानावळ कॉलेजच्या पोरांवर चालायची. लॉकडाऊन लागला आणि अकोला-पातूरकडची पोरं बॅगा भरून घरी गेली. माझीही नोकरी सुटलेली. आई थंड शेगडीसमोर नुसती बसून राहायची. तेवढ्यात महापालिकेने ठरवलं, क्वारंटाइन सेंटरचे डबे बाहेरच्या मोठ्या कंत्राटदाराकडून न घेता वॉर्डातल्या बंद पडलेल्या खानावळींकडून घ्यायचे. आमच्या वाट्याला एक सेंटर आलं. आईने पदर खोचला.

काही दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या. वरण अळणी, भाजी अळणी. आम्ही त्याच पातेल्यातलं जेवायचो आणि मला तर सगळं बरोबर लागायचं. तसं म्हटलं तर आई उखडली.

"तुले काय कळते? एवढे लोकं काय खोटं बोलून राहिले?"

तिने मीठ वाढवलं. तक्रारी तशाच. पुन्हा वाढवलं, तेव्हा मला घासागणिक पाणी लागू लागलं. त्यात कानावर आलं, की आता काम काढून कंत्राटदाराला देणार. भांडी घासता घासता आई हळूच म्हणाली, "माह्या हातची चव गेली काय रे?" तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग महापालिकेचे साहेब स्वतः आले. संपलं, मी मनात म्हटलं. ते बाहेर ओट्यावर लांब बसले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "काकू, वाढा."

पहिल्याच घासाला त्यांचा चेहरा वाकडा झाला. "हे तं खारट आहे."

"अळणी म्हणून राहिले ना सायेब, म्हणून टाकलं."

ते हसायला लागले. "काकू, या बिमारीत तोंडाची चवच जाते. त्यायले मिरचीचा ठेचाबी फिकाच लागन. तुमी आपल्या अंदाजानं मीठ टाका. तक्रारी आमी ऐकून घेऊ."

"आणि काम?" मी विचारलं.

"काम काकूंचंच."

ताटातलं वरण मात्र त्यांनी टाकलं नाही. पाणी पीत पीत संपवलं. सरकारी माणसाबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा माया वाटली.

आई आपल्या मापावर परत आली. तक्रारी येतच असणार, पण त्या आमच्या दारापर्यंत पोचल्या नाहीत. अशात एका दुपारी डबे नेणारा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. "मावशी, तिथले एक आजोबा म्हणून राहिले होते, बाईले सांगा, आज कुठं वरणात मीठ बरोबर पडलं."

मीठ रोजच्याइतकंच होतं. एरवी असं बोलणाऱ्याची आईने खैर ठेवली नसती. त्या दिवशी ती हातातला डाव घेऊन उभीच राहिली. मग पदराने डोळे पुसले.

"बरा झाला तो," ती म्हणाली.