पातेऱ्यातले फुरसे

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. यजमानांपाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. कवितेतही नाही — तिथे तर सारे झाकून सांगता येते, तरीही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमची राई पाहिलेली नाही.

पालीच्या अलीकडे, नदीच्या वळणावर ती राई. करंज, जांभूळ, उंडी. पावसाळ्यात नदी तिच्यात शिरायची आणि गाळ ठेवून परत जायची. होळीनंतर पात्रात नुसते गोटे उरायचे. तेव्हा आम्ही राईतला पातेरा — गळलेली, वाळलेली पाने — हाऱ्यांत भरून भाजावळीला नेत असू. भाताची रोपे करायची ती जमीन त्यावर भाजायची, ही रीतच. झाडून लख्ख केलेली राई हा माझा अभिमान होता. मातीवर उमटलेल्या खराट्याच्या रेघा मला लिहिलेल्या ओळींसारख्या वाटत.

अठ्ठ्याण्णव साली धाकटी जाऊ घरात आली. शैला. पहिल्याच उन्हाळ्यात तिने मामंजींना विचारले, राईतला पातेरा राहू दिला तर? भाजावळीला डोंगरातला आणू. आणि मामंजी — ओटीवर बसून माझ्या कविता ऐकणारे मामंजी — लगेच हो म्हणाले. कुणी माझ्या हातातून खराटा काढून घेतला, असे वाटले मला.

शैला पाने नुसती पडून राहू देत नसे. वाळवी लागू नये म्हणून बुंध्याभोवतीची हाताने दूर सारायची. वाटेकडेची पट्टी साफ ठेवायची, कुणाची विडी पडली तर आग आत जाऊ नये म्हणून. कोंब दिसला, की तिथला थर विरळ करायची. तीनेक वर्षांत भर चैत्रातही पाने उचलली, की खाली काळी, गार माती. तिला ओल्या तागासारखा, किंचित गोड वास यायचा. जांभळाची हातभर रोपे उभी राहिली. मामंजी दुपारची खुर्ची तिथे नेऊ लागले. कवितेला त्यांना वेळ उरला नाही — की मीच वाचणे थांबवले? आता नक्की सांगता येत नाही.

एका संध्याकाळी ते पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या शैलाचा हात लागला, की माती बोलते हो."

बोलते? शब्द तेवढे माझे होते ना या घरात?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राईतून धावत वर आले आणि सांगितले, की पातेऱ्यात फुरसे पाहिले.

काहीही पाहिले नव्हते. पण कसे सांगितले! ते वेटोळे, खवल्यांचा तो करवतीसारखा खरखराट, वाळक्या पानात विरून गेलेला रंग. आयुष्यात इतके नेमके मी काही लिहिलेले नाही. आमच्याकडे फुरसे म्हटले, की खात्री करायला कुणी जात नाही. त्यात शैलाची लेक नुकती चालू लागलेली. दुपारपर्यंत राई झाडून झाली. ढीग तिथेच पेटवले. रोपे त्यात गेली. काडी शैलानेच लावली.

मग तिने माझा हात धरला. तळवा तापलेला होता, बोटांना धुराचा वास. "वैनी, तुमच्या नजरेस पडलं म्हणून हो. माझ्या पोरीला चावलं असतं तर?"

तेव्हा सांगता आले असते. आले नसते का? पण तिच्या डोळ्यांतले पाणी पाहून मला — हायसे वाटले. खोटे बोलले हे सांगण्याहून हे सांगणे मला जड जाते आहे.

त्या पावसाळ्यात नदी नेहमीसारखीच राईत शिरली. या वेळी गाळ ठेवला नाही. उघडी माती घेऊन गेली. काठावरच्या जांभळाची मुळे बाहेर आली, पुढल्या पावसात ते झाड आडवे झाले. मामंजी पुन्हा ओटीवर बसू लागले. मी कविता वाचली. त्यांनी ऐकली — नदीकडे बघत.

शैलाने पुन्हा पातेरा राखला नाही. राईत आता पान साठत नाही, फुरसे लपायला जागाच नाही. तरी आम्ही दोघी खाली उतरतो, तेव्हा ती पुढे होते. हातातली काठी उघड्या मातीवर आपटत चालते आणि मागे वळून सांगते, "वैनी, माझ्या पावलावर पाय ठेवून या."

मी ठेवते.