विनायकच्या कानातला आवाज

विनायकच्या कानात माझ्याऐवजी दुसरंच कुणीतरी बोलतंय, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तोवर जिंतूरच्या कॉलेजचं अख्खं मैदान हसत सुटलं होतं.

आधी माझं काम सांगतो, कारण पोस्टरवर माझं नाव नसतं. ‘ढेकूळ’ या आमच्या रॉक बँडची गाणी मी लिहितो आणि टूरही मीच सांभाळतो. टूर म्हणजे गाडी, हॉटेल, जेवण, जनरेटर, आयोजकांशी बोलणी आणि आयोजकांच्या मेहुण्यांचे सेल्फी. विनायक गातो. तो वालूरचा, मी चारठाण्याचा. कॉलेजात एका बाकावर बसायचो. शब्द माझे, गळा त्याचा, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. स्टेजवर जायची मला कधी हौस नव्हती. लोक मला गाडीचा ड्रायव्हर समजतात आणि ते माझ्या सोयीचंच आहे.

मागच्या वर्षी विनायक ओळी विसरायला लागला. आधी आम्ही त्याची थट्टा केली. मग त्याला हॉटेलातली स्वतःची खोली सापडेना. मग एकदा मुलीचं नाव आठवेना. डॉक्टरांनी सांगितलं, आजार स्मरणाचा आहे, वयाच्या मानाने फार लवकर आलाय आणि तो मागे फिरणार नाही. सूर मात्र बरेच दिवस टिकतील म्हणाले.

मग मी तोडगा काढला. गायकाच्या कानात एक छोटा वायरलेस इअरपीस असतो. त्याला आम्ही इन-इअर म्हणतो. त्यातून त्याला वाद्यं आणि स्वतःचा आवाज ऐकू येतो. स्टेजच्या बाजूला बसलेल्या माणसाकडे टॉकबॅक नावाचा माईक असतो. त्यावर बोललेलं फक्त गायकाच्या कानात जातं, लोकांना ऐकू येत नाही. विनायक एक ओळ संपवत आला की मी पुढची ओळ त्याच्या कानात बोलायचो. तो ती झटकन उचलायचा. बँडच्या बाहेर हे फक्त सुनंदावहिनींना, म्हणजे विनायकच्या बायकोला माहीत होतं.

वहिनींनी मला एकच अट घातली होती. “भाऊजी, आपण काय म्हणायलोत हे ह्यांना कळतंय तवर गाऊ द्या. ज्या दिवशी कळंना, त्या दिवशी थांबवा. लोकांपुढं ह्यांचं हसं न्हाई करायचं.”

“त्याला कळतंय, वहिनी. मी नुसती आठवण करून देतो.”

प्रत्येक शोनंतर त्या विचारायच्या आणि मी हेच सांगायचो. मला खरंच तसं वाटायचं. गाणं काढून घेतलं तर या माणसाकडे काय उरेल, हा विचार मला सोसतच नव्हता.

जिंतूरचा कार्यक्रम कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी ठेवला होता. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. दुपारी आम्ही साउंडचेक केला. साउंडचेक म्हणजे कार्यक्रमाआधी प्रत्येक माईक आणि वाद्य वाजवून पाहायचं. वायरलेस संचांचं त्यात वेगळं पथ्य असतं. दोन संच एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की जवळचा लांबच्याला दाबून टाकतो. म्हणून सगळे एकदम चालू करून बघावे लागतात. आम्ही बघितले. पण निवेदक गुरुजी तेव्हा आलेच नव्हते. ते संध्याकाळी आले, स्वतःचा वायरलेस माईक घेऊन. साउंडवाल्याने त्याचा आवाज बाहेर येतो एवढं पाहिलं आणि मिक्सरवर तो बंद करून ठेवला. मी त्या वेळी जनरेटरच्या डिझेलवरून कुणाशी तरी भांडत होतो.

कार्यक्रमाच्या मध्येच सत्कार होता. आमच्याकडे सत्कारावाचून काही पार पडत नाही. आम्ही ‘फलाट’ वाजवत होतो आणि विनायकच्या अगदी मागे, विंगेत, गुरुजी माईक तोंडाशी धरून सत्काराच्या नावांची तालीम करत होते.

“शेवटची गाडी गेली, आता पायांना विचार,” विनायक गायला. मी त्याच्या कानात पुढची ओळ बोललो, “कुठवर आलो होतो, कुठवर जाणार.”

विनायक गायला, “शाल आणि श्रीफळ, सभापती साहेब.”

सुरात गायला, तालात गायला, शेवटचा शब्द नेहमीसारखा वर नेऊन. मैदान खदखदून हसलं. शिट्ट्या पडल्या. लोकांना वाटलं, गडी सत्काराची खेचतोय. विनायकला जोर चढला. त्याने हात उंचावला आणि “उपसभापती येऊ द्या, पुष्पगुच्छ घेऊन” हेही तितक्याच मनापासून गायलं. पहिल्या रांगेत वहिनी तेवढ्या हसत नव्हत्या.

मी विंगेत धावलो. “गुरुजी, माईक बंद करा!”

“अहो, बंदच हाय की. आवाज बाहेर कुठं जायलाय?”

मी माईक त्यांच्या हातातून ओढला आणि सेल काढले. मिक्सरवर बंद असला तरी तो माईक विनायकच्या इअरपीसच्याच फ्रिक्वेन्सीवर चालू होता.

परत येऊन टॉकबॅक उचलला तेव्हा गाणं अर्ध्यावर होतं. आता बोलू नये, असं वाटत होतं. पण वाद्यं थांबेनात आणि विनायक ओळीची वाट पाहत उभा. मी ओळ बोललो. त्याने ती गायली, सभापतींना जितका जीव ओतून गायला होता तितकाच जीव ओतून. मला रडू फुटलं. मी टॉकबॅकवर हात ठेवला, नाहीतर तेही त्याच्या कानात गेलं असतं.

कार्यक्रमानंतर एका वर्गात आमची बसायची सोय होती. विनायक घामाघूम होता आणि फार खूश होता.

“दत्त्या, ते सभापतीचं लय भारी लिव्हलंस रे! पब्लिक कसलं पेटलं! कवा घातलंस ते?”

“आजच,” मी म्हणालो.

“राहू दे ते. पुढल्या शोला बी घेऊ.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“भाऊजी?” त्यांनी विचारलं, नेहमीसारखंच.

मी मान खाली घातली. वहिनी आत आल्या, विनायकच्या कानातला इअरपीस काढून माझ्या हातात दिला आणि त्याला म्हणाल्या, “चला, घरला जायचंय आपल्याला.”

टूरचे उरलेले शो मी दुसऱ्या दिवशी रद्द केले. काही महिन्यांनी बँडने नवा गायक घेतला. पोरगा चांगला गातो, पाठांतर चोख आहे. त्याच्या कानात मला काही बोलावं लागत नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. साउंडचेकला स्टेजवर येणारा प्रत्येक वायरलेस चालू करून बघा, निवेदकाचासुद्धा. मी आता ती तपासणी चुकवत नाही. जिंतूरला केली असती तर तो शो सुरळीत झाला असता, पुढचेही झाले असते आणि मी वहिनींना अजून सांगत राहिलो असतो की त्याला कळतंय.