कोयत्याच्या दोन चौकटी

आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऊसतोडीला निघालेली टोळी माणसांनी नाही, कोयत्यांनी मोजतात: दहा कोयते, बारा कोयते. माझे आई-वडील अशाच एका कोयत्यात वीस वर्षं होते. मी मात्र नांदूरघाटला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी विजेट बनवते. विजेट म्हणजे कामाच्या स्क्रीनवरची छोटी चौकट. काय झालं, काय राहिलं, ते तिच्यात एका नजरेत दिसावं.

मागच्या वर्षीचं काम ऊसतोड्यांच्या तळांवर, त्यांच्या कोपी म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतून फिरणाऱ्या नर्सबाईंसाठी होतं. सकाळी स्क्रीन उघडली की कोणाला भेटायचं राहिलंय ते कळलं पाहिजे. भेट राहिली तर चौकट लाल, झाली की हिरवी. मी दर कोयत्याला एक चौकट केली. टीम लीडर म्हणाला, "माणशी एक का नको?" मला रागच आला. ज्यानं कधी उसाचा फड पाहिला नाही, त्यानं मला शिकवावं? "तुम्हाला इकडचं काही माहीत नाही," असं तोंडावर सुनावलं. त्यानं विषय सोडला आणि मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी कौतुक करून घ्यायला लॅपटॉप आईपुढे ठेवला. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"हे हिरवं कधी व्हतंय?" तिनं विचारलं.

"नर्सबाई जाऊन विचारून आल्या की."

"इचारणार कोणाला? बाप्यालाच ना. मी कोपीत तापानं पडलते, तवा बी डाक्टर आलता. तुझा बाप म्हणला, समदं बरं हाय. डाक्टर गेला. पंधरा दिस पडून व्हते मी. तुझ्या ह्याच्यात बी मी हिरवीच की."

मला लाज वाटली, खरंच. ऊसतोडीच्या तळांवर वाढलेली मी, त्यात बाईमाणूस, आणि आईला वडिलांच्या चौकटीत टाकून मोकळी झाले होते. टीम लीडरला काही माहीत नव्हतं म्हणून त्याला दोन माणसं दिसली. मला माहीत होतं, तेच नडलं.

त्याला फोन करून चुकलं म्हणाले. त्यानं टोमणा मारला नाही, फक्त परवा डेमो आहे याची आठवण करून दिली. मग दोघांच्या दोन चौकटी केल्या. खुद्द बाईशी बोलणं झाल्याशिवाय तिची चौकट हिरवी होणार नाही, असं पक्कं केलं. आईला बसवून एकेक बटण दाबायला लावलं. "किती पिडती गं, शेंगा तशाच राह्यल्या," म्हणून ती वैतागली, पण उठली नाही.

हंगामात नर्सबाईंचा फोन आला. एका कोपीपाशी नवऱ्यानं सगळं बरं आहे म्हणून सांगितलं होतं. त्याची चौकट हिरवी झाली, शेजारची लालच राहिली, म्हणून त्या वाकून आत गेल्या. बायको चार दिवस तापानं पडलेली होती. तिला दवाखान्यात हलवलं, आता बरी आहे.

मी धावत जाऊन आईला सांगितलं.

"चारच दिस?" ती म्हणाली. "येळंवर गावली म्हणायची."