लाल दोरा, निळा दोरा

१९६६च्या उन्हाळ्यात अमेरिकेत म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा सुरू झाला. काळ्या-गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे ठेवणाऱ्या इस्पितळाला त्यातला छदामही मिळणार नव्हता. मग काय, अलाबामातल्या त्या इस्पितळाला रातोरात माणुसकी आठवली आणि काळ्या ओझेला पिकेटला तळघराऐवजी वरच्या मजल्यावर खाट मिळाली. एकाहत्तर वर्षांची ओझेला मात्र बूट घालूनच खाटेवर पडली.

"बूट काढा ना, पिकेटबाई," गोरी नर्स म्हणाली.

"पिकेटबाई? कालपर्यंत तर 'ए ओझेला' होते मी! सरकारी तपासणीवाले गेले की खाली हाकलाल. तेव्हा काय अनवाणी जाऊ?"

तीस वर्षं तिने याच इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुतल्या होत्या. गोऱ्यांच्या चादरीला कोपऱ्यात लाल दोरा, काळ्यांच्या चादरीला निळा. एकदा एक निळी चादर चुकून लालमध्ये गेली, तेव्हा तिची नोकरी जाता जाता वाचली होती.

नर्सची पाठ वळताच तिने आपल्या चादरीचा कोपरा उलटून पाहिला. निळा दोरा!

"तरीच म्हटलं! माणूस वर आणलं, चादर खालचीच."

शेजारच्या खाटेवर गोऱ्या हार्टसेलबाई घोरत होत्या. ओझेलाने वाकून हळूच त्यांच्याही चादरीचा कोपरा उलटला. तिथेही निळाच दोरा.

तिने तो कोपरा पुन्हा नीट खोचला. मग तिने एक बूट काढला. दुसरा राहू दिला.