रेवाची पांढरी बट

सुनंदा गेल्याचं मला तिच्या दवाखान्यातल्या नर्सने फोनवर सांगितलं. दुपारी घरी आली, जरा पडते म्हणाली... आणि उठलीच नाही. त्याला महिना उलटला. घाटकोपरच्या शाळेपासूनची माझी ही मैत्रीण मुलुंडला मुलांची डॉक्टर होती. तिच्याबद्दल लिहायचं तर माझ्या मुलीपासूनच सुरुवात करावी लागते.

रेवा जन्मली तीच कपाळावर पांढऱ्याशुभ्र केसांची बट घेऊन. बारशाला सगळ्या बायका कौतुकाने त्या बटेवरून हात फिरवत होत्या. सुनंदाने मात्र तिला मांडीवर घेऊन आधी डोळे पाहिले. एक काळा, एक निळसर. मग सासूबाईंना विचारलं, "काकू, घरात आणखी कोणाला अशी बट होती का?"

"माझ्या नणंदेला होती. पण ती बिचारी मुकी."

सुनंदा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "हे बघ, प्रत्येक पांढरी बट म्हणजे आजार नाही. पण बट, डोळ्यांचे रंग आणि तुझ्या नवऱ्याची न बोलणारी आत्या, हे सगळं एकत्र आलंय. हिचे कान लगेच तपासून घे."

"अगं, दार आपटलं की दचकते ती."

"हादरा जाणवतो गं. आवाज पोचतो का ते बघू."

आवाज पोचत नव्हता, दोन्ही कानांत. हे कळल्यावर सासूबाईंनी सुनंदाला एवढंच विचारलं, "म्हणजे आमच्या वन्संना नुसतं ऐकू येत नव्हतं?"

"बहुतेक तसंच, काकू. तेव्हा कोणी ओळखलं नाही."

सासूबाई खूप रडल्या. जन्मभर ज्या बाईला घराने खुळी ठरवलं, तिच्यासाठी...

आम्हाला मात्र सुनंदाने रडत बसू दिलं नाही. आधी श्रवणयंत्रं, वर्षाची झाल्यावर कानाचं ऑपरेशन, मग बोलायला शिकवणाऱ्या बाई, सगळीकडे ती आमच्याबरोबर असायची. "बोलेल ही," असं ती इतक्या सहज म्हणायची की शंका घ्यायची सोयच नव्हती. आज रेवा अंधेरीत नोकरी करते आणि घरात सगळ्यांत जास्त बोलते.

तिच्याशी बोलायचं कसं, हेही सुनंदानेच शिकवलं. आधी समोर जायचं, आपला चेहरा तिला दिसू द्यायचा, मगच तोंड उघडायचं. परवा सासूबाईंना रेवाला काहीतरी विचारायचं होतं. गॅस बारीक केला, गुडघे धरत बाहेरच्या खोलीत आल्या, रेवाच्या समोर बसल्या, आणि मग म्हणाल्या, "भाजी कुठली करू गं?"